एकाच बाटलीतून

ओफेलिया लुदुएन्या गेली सत्तावीस वर्षं कर्करोगाच्या पेशींना खाऊपिऊ घालत होती. कोर्दोबाच्या विद्यापीठात तळमजल्यावर एक बिनखिडकीची खोली होती, तिथे काचेच्या कपाटात हात घालून ती दिवसाआड बाटल्यांमधलं जुनं गुलाबी द्रव काढायची आणि नवं घालायची. त्या द्रवाला तिथे सगळे खाणंच म्हणत. बाटलीत पेशींची दाटी झाली की त्यांना तळापासून सोडवून दोन बाटल्यांत वाटायचं, उरलेल्या कुपीत भरून गोठवायच्या, हेही तिच्याकडेच. पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे ओफेलियालाही तो फारसा माहीत नव्हता.

कोर्दोबात आईबापांनी ठेवलेलं नाव कागदपत्रांपुरतं. बाकी जन्म टोपणनावावर निघतो. ओफेलिया दिसेल त्या वस्तूवर सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल फवारायची, दाराच्या कडीपासून पाहुण्या प्राध्यापकाच्या बाह्यांपर्यंत, म्हणून तिचं नाव ‘सत्तर टक्के’ पडलं होतं. तिला त्याचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. तिच्या हातून सत्तावीस वर्षांत एकही बाटली बुरशीने गेली नव्हती, आणि हे ती स्वतः सांगत नसली तरी कुणी सांगितलं तर अडवायचीही नाही.

पेशींनाही टोपणनावं होतीच. स्तनाच्या गाठीतून आलेली एक जात होती, हळू वाढणारी, एकमेकींना खेटून घोळक्याने बसणारी. कुणाबद्दल तरी कुजबूज चाललीय असं वाटावं. त्या मावश्या. दुसरी जात टोळभैरवांची. टोकदार, सुटी, एका दिवसात दुप्पट होणारी आणि मिळेल तिथे घुसणारी. त्यांचा एक थेंब जरी मावश्यांच्या बाटलीत पडला तरी दोन-तीन महिन्यांत बाटलीत मावशी औषधालाही उरत नाही, आणि बाटलीवरची चिठ्ठी मात्र मावश्यांचीच राहते. म्हणून ओफेलियाने स्वतःच नियम घालून दिला होता. आधी मावश्या, त्यांच्यासाठी राखलेल्या खाण्याच्या बाटलीतलं घालून. मग सगळं पुसायचं, पंधरा मिनिटं रिकाम्या कपाटातला हवेचा पंखा चालू ठेवायचा, आणि मग टोळभैरव, त्यांच्या बाटलीतलं घालून. खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला ती हे तीनदा म्हणून दाखवायला लावायची.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने नाव घातलं ते याच विद्यापीठात, विद्यार्थिनी म्हणून. इतकी वर्षं ज्यांचं केलं त्या आहेत तरी कोण, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. एका वर्षी एक विषय, कधी दोन. अकरा वर्षांत सगळे सुटले, राहिला एक: कर्करोगाचं पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र. हा विषय शिकवायच्या डॉक्टर आमांकाय फेरेयरा. आता बाई विभागप्रमुख होत्या, पण बावीस वर्षांपूर्वी थरथरत्या हाताची एक विद्यार्थिनी होती आणि पिपेट कशी धरायची ते तिला ओफेलियाने शिकवलं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला ओफेलिया तोंडी परीक्षेला बसली आणि तिची वाचाच बसली. येत सगळं होतं, पण समोर आमांकाय ‘तुम्ही, तुम्ही’ करून प्रश्न विचारतेय हे पाहून तिची जीभ टाळूला चिकटली. दहापैकी दोन मिळाले. पुढची परीक्षा जुलैत होती.

आणि मधे तो रविवार आला, फुटबॉलच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा.

पाळ्यांच्या फलकावर त्या रविवारी खाणं घालायची पाळी यानिनाची होती. यानिना म्हणजे फेरेयरा बाईंच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलगी. मावश्यांवर एका औषधाचा काय परिणाम होतो हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिला सामना रिओ क्वार्तोला आपल्या वडिलांबरोबर बघायचा होता. ओफेलिया म्हणाली, जा तू, मी घालते, फलकाला कशाला हात लावायचा. यानिनाने तिच्या गालांचे मुके घेतले आणि बस पकडली.

आता ओफेलियाच्या घरची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. देश स्पर्धेतला पहिला सामना हरला तेव्हा ओफेलिया प्रयोगशाळेत होती. पुढचे सगळे जिंकले, तेव्हा ती फ्रिजशेजारच्या लाकडी स्टुलावर होती. तिच्या नवऱ्याने, रोकेने, यातून निघायचा तो अर्थ काढला. त्याचा भाऊ दारात उभा, शेजारीण पाठमोरी, कुत्रं अंगणात आणि ओफेलिया स्टुलावर, खेळ सुरू होण्याच्या शिट्टीआधी. यात काडीचा बदल झाला तर देश हरणार आणि दोष ओफेलियाचा. हे तो हसून म्हणत नव्हता. गल्लीतले म्हातारेही तिला बसथांब्यावर गाठून विचारून गेले, बाई, तुम्ही वेळेत याल ना.

बस मिळेना. प्रयोगशाळेत पोचायलाच अकराला दहा कमी झाले. बाराला सामना. खाण्याची एक बाटली कोमट करायला ठेवली, दुसरी ठेवायची राहिली. शेगडीवर दूध ठेवून आलेल्या बाईसारखी ती काम करत होती. इनक्युबेटर उघडला तर टोळभैरवांची बाटली पुढे, मावश्यांची मागे. तिने पुढची घेतली. खाणं घातलं, पिपेट पुन्हा खाण्याच्या त्याच बाटलीत बुडवली, आणि त्यातलंच मावश्यांनाही घातलं. पंधरा मिनिटांचा प्रश्नच नव्हता. बाराला दोन मिनिटं कमी असताना ती स्टुलावर बसली. देश जिंकला. रोकेने रडत रडत स्टुलाचं चुंबन घेतलं आणि मग ओफेलियाचं. इतका आनंद त्या घराने त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्या आनंदात बाटलीचं काही कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

ते मार्चमध्ये आलं. मावश्या तळाला घट्ट चिकटून बसणाऱ्या. सोडवायचं द्रव घातल्यावर सात-सात मिनिटं बाटलीला टपल्या मारत बसावं लागायचं. मार्चमध्ये त्या दोन मिनिटांत सुटल्या. ओफेलियाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. घोळके मोडले होते. कडेकडेने टोकदार मंडळी पसरली होती. तिने मागचे आठवडे बोटांवर मोजले आणि बोटं थेट त्या रविवारी जाऊन थांबली.

सांगायला हवं होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण सांगितलं असतं तर सगळे आधी फलकाकडे गेले असते, आणि फलकावर नाव यानिनाचं. त्या पोरीला वाचवायचं तर आपलं नाव घ्यायला हवं, आणि आपलं नाव घेतलं तर सत्तावीस वर्षांचा नावलौकिक धुळीला मिळणार, खोलीची किल्ली जाणार, वर जुलैत परीक्षेला समोर तीच आमांकाय. ती घाबरली. उद्या सांगू, म्हणत राहिली. इकडे यानिनाचं औषध मावश्यांवर असं काही चालायला लागलं की बाईंनी तिचे आलेख मोठे करून वरच्या बोळात भिंतीला लावले. यानिना प्रबंध लिहायला बसली. आणि ओफेलिया घरी परीक्षेचं पुस्तक उघडायची तर नेमका पेशींच्या जाती कशा हरवतात तोच धडा निघायचा. रोके माते, तो कडवट पाल्याचा चहा, भरून समोर धरायचा आणि ती तो गार होईपर्यंत तशीच बसायची.

जुलैच्या त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. टेबलामागे तिघं बसले होते. मध्ये डॉक्टर फेरेयरा, डावीकडे निवृत्तीला टेकलेले डॉक्टर पोर्ता, उजवीकडे रसायन विभागातला एक उंच, अबोल तरुण. टेबलावर तारेचा गोल पिंजरा आणि त्यात क्रमांक घातलेल्या लाकडी गोळ्या. इतर विभागांनी हा प्रकार कधीच मोडीत काढला होता, पण पोर्तांचं म्हणणं होतं की संगणकाला लाज नसते, गोळीला असते. नियम साधा होता. पिंजरा फिरवायचा, दोन गोळ्या काढायच्या, त्यातला आवडेल त्या क्रमांकाचा धडा आधी बोलायचा. उरलेल्यातूनही विचारायचा अधिकार परीक्षकांना.

ओफेलियाच्या हाती चार आणि नऊ आले. चार म्हणजे पेशीच्या वाढीला लागणारे लगाम आणि ते तुटतात कसे. नऊ म्हणजे प्रयोगशाळेतल्या पेशींच्या जाती आणि त्यांचा भरवसा. तिने चार निवडला.

या खेपेला जीभ सुटली. वीस मिनिटं ती बोलत होती, फळ्यावर बाण काढत होती. शेजारणीला अंग लागलं की थांबायचं, हे चांगल्या पेशीला कळतं आणि कर्करोगाच्या पेशीला कळेनासं होतं, हे सांगताना तिने स्वतःचे दोन हात एकमेकांवर चढवून दाखवले. पोर्तांनी मान डोलवली. फेरेयरा बाईंचा चेहरा उजळला होता. आपल्या माणसाचं चांगलं होताना पाहून होतो, तसा. त्यांनी लेखणी उचलली.

“पुरे,” त्या म्हणाल्या. “एकच प्रश्न, नवव्या धड्यातला. तुम्हाला पूर्ण गुण देता यावेत म्हणून विचारतेय. पेशींचं संवर्धन हातचं कसं जातं आणि ते ओळखायचं कसं? पुस्तकातलं नको, लुदुएन्या बाई. स्वतः पाहिलेलं सांगा.”

प्रश्न कसला, आंदण होतं ते. बुरशीचं सांगितलं असतं तरी चाललं असतं. वीस वर्षांपूर्वी शेजारच्या प्रयोगशाळेत काय गोंधळ झाला होता ते सांगून सगळ्यांना हसवता आलं असतं. ओफेलियाने तोंड उघडलं आणि तिला दिसलं की आमांकाय तिच्याकडे पूर्ण विश्वासाने बघतेय. तेवढं तिला सोसवलं नाही.

“खालच्या दोन नंबरच्या इनक्युबेटरमध्ये मावश्या म्हणून ठेवल्यात ना,” ती म्हणाली, “त्या आता मावश्या नाहीत, मॅडम.”

बाईंनी लेखणी खाली ठेवून विचारलं, कशावरून.

ओफेलियाने सांगितलं. सात मिनिटांची दोन मिनिटं झाल्याचं, घोळके मोडल्याचं, पूर्वी आठवड्यातून एकदा बाटली विभागावी लागायची ती आता तीनदा विभागते त्याचं. सिद्ध कसं करणार, असं त्या तरुणाने पहिल्यांदाच तोंड उघडून विचारलं. नायट्रोजनच्या गोठवणाऱ्या टाकीत तिसऱ्या कांडीवर नोव्हेंबरच्या दोन कुपी आहेत, माझ्या अक्षरातल्या, ती म्हणाली. त्यांचा डीएनए आणि आजच्यांचा शेजारी शेजारी ठेवून पाहायचा. नोव्हेंबरच्याही बिघडलेल्या निघाल्या तर ऑक्टोबरच्या आहेत, मागे दोन हजार नऊपर्यंतच्या आहेत. तरुणाने हे उत्तर कागदावर लिहून घेतलं.

फेरेयरा बाई उठल्या आणि जिन्याकडे चालायला लागल्या. मागोमाग तिघं. परीक्षा सोडून परीक्षक तळमजल्यावर जाताहेत हे पाहून बाहेर ताटकळलेल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

खोलीच्या दारात ओफेलियाने सवयीने तिघांच्या हातांवर अल्कोहोल फवारलं. बाईंनी बाटली स्वतः काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग डोळा न काढताच बोलल्या, आणि आता त्या आवाजात ‘तुम्ही’ नव्हतं.

“ओफे, मी यात शेवटचं कधी डोकावले होते, आठवतंय तुला?”

“मागच्या वर्षी. ईस्टरच्या आधी.”

“सव्वा वर्ष. तेव्हापासून मी नुसते आलेख बघतेय.”

तोवर पोर्तांनी फलक गाठून त्यावरचे जुन्या पाळ्यांचे कागद चाळायला घेतले होते. ओफेलियाने झाल्या प्रकाराची तारीख सांगताच त्यांचं बोट त्या रविवारावर जाऊन टेकलं. इथे तर यानिनाचं नाव आहे, ते म्हणाले.

“नाव तिचं आहे, हात माझा होता,” ओफेलिया म्हणाली. “तिला काही माहीत नाही. एकाच बाटलीतून दोघांना घातलं मी. पुसलं नाही, थांबले नाही. बाराच्या आत घरी स्टुलावर बसायचं होतं.”

कसलं स्टूल, असं रसायनवाल्या तरुणाने विचारलं नाही, आणि पोर्तांनीही नाही. कोर्दोबात त्या महिन्याबद्दल असा प्रश्न कुणी विचारत नाही. पोर्तांनी फक्त घसा खाकरला आणि सांगितलं की त्यांनी स्वतः तो महिनाभर एकच शर्ट न धुता घातला होता, आणि अंतिम सामन्याच्या दिवशी बायकोच्या वाढदिवसाचं जेवण चुकवून ते एकटेच मोटारीत रेडिओ ऐकत बसले होते. बायको अजून बोलत नाही. बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला.

परीक्षक पुन्हा वर परीक्षेच्या खोलीत गेले आणि ओफेलियाला बाहेर थांबायला सांगितलं. ती दारासमोरच्या बाकावर जाऊन बसली. आता नापास होणार याबद्दल तिला शंका नव्हती, आणि गंमत म्हणजे तिला बरं वाटत होतं. मार्चपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं. अकरा वर्षांचं बारावं झालं तर होऊ दे, रोके एवढा माते पाजतोय तर आणखी वर्षभर पाजेल. किल्ली मात्र जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. बाकी काही गेलं तरी चालेल, पण सकाळी त्या इनक्युबेटरचं दार दुसऱ्या कुणी उघडायचं, हा विचार तिला सहन होईना.

यानिना तिला शोधतच आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की सगळे परीक्षक दोन नंबरपाशी उभे आहेत. ओफेलियाने तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं, बसपासून बाटलीपर्यंत, काही न वगळता. डिसेंबरनंतरचं तुझं काम गेलं, पोरी, ती म्हणाली, आणि ते मी घालवलं. यानिनाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं. शिव्या दिल्या असत्या तर ओफेलियाला सोपं गेलं असतं.

दार उघडलं. फेरेयरा बाई ओफेलियाची गुणांची पुस्तिका हातात घेऊन आल्या. त्यांनी ती उघडून ओफेलियासमोर धरली. विषयापुढे तीन सह्या होत्या आणि आकडा होता नऊ.

ओफेलियाने तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. सगळे विषय सुटले होते. ती आता जीवशास्त्राची पदवीधर होती, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि हे खरंच कागदावर लिहिलेलं होतं.

“नवव्या धड्याचं असं उत्तर मी आजवर ऐकलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “पोर्ता दहा द्या म्हणत होते. एक मी कापला.”

“बाटलीचा ना? बरोबर आहे, मॅडम.”

“बाटलीचा नाही. बाटली कुणाच्याही हातून जाते. मार्च ते जुलै तू गप्प बसलीस, त्याचा कापला. मावश्यांची जबाबदारी तुझीच राहील. सोमवारपासून रोज सकाळी दहा मिनिटं मी खाली येणार आहे, मला पुन्हा बघायला शिकव. आणि मॅडम काय म्हणतेस, परीक्षा संपली.”

ओफेलियाने उठून तिला मिठी मारली. शेवटी आमांकायनेच डोळे पुसले आणि आत बसलेल्यांना पुढचा विद्यार्थी बोलवायचाय म्हणून ती निघाली.

यानिना अजून बाकावरच होती. पुस्तिका तिने हातात घेतली होती आणि त्या नऊवरून अंगठा फिरवत होती.

“ओफे,” ती हळूच म्हणाली, “मार्चपासून माझे आकडे फारच छान यायला लागले होते. मावश्या इतक्या पटापट मरतच नाहीत. एकदा वाटलं होतं, कुणाला तरी विचारावं.” तिने पुस्तिका मिटली. “नाही विचारलं. मग माझे किती कापायचे?”

आमांकाय दारातच थांबली होती. तिने ते ऐकलं, भिंतीवर लावलेल्या त्या मोठ्या आलेखांकडे एकदा पाहिलं, आणि मान खाली घालून आत गेली.

ओफेलियाने यानिनाचा हात धरून तिला उठवलं.

“चल खाली,” ती म्हणाली. “नोव्हेंबरची कुपी काढू. आजच ऊब द्यायला घेतली तर सोमवारपर्यंत मावश्या तळाला चिकटतील.”